नाशिकचा, आडनावाचा की नव्या शब्दाचा चिवडा?

घरचा चिवडा आता पाकिटात भरून विकायचा, एवढं ठरलं की घरातली चर्चा नावावर येऊन अडते. एकजण म्हणतो ‘नाशिक’ हवंच, वडीलधाऱ्यांना आडनाव हवं असतं आणि लेकीने वहीत दहा नवे शब्द लिहून ठेवलेले असतात.

गावाचं नाव पहिल्या दिवसापासून कामाला येतं. ‘नाशिक चिवडा’ वाचलं की गिऱ्हाइकाला माल काय, कुठला, हे वेगळं सांगावं लागत नाही. पण तेच नाव उद्या शेजारच्या गल्लीतल्याने छापलं तर त्याला अडवणं अवघड. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9 सांगतं की फक्त मालाचा प्रकार किंवा मूळ ठिकाण सांगणारे शब्द सहसा कुणा एकाच्या नावावर नोंदले जात नाहीत. वर्षानुवर्षं वापरून ते नाव तुमचंच म्हणून ओळखलं जाऊ लागलं तर गोष्ट वेगळी, पण नव्या धंद्याला तो आधार नसतो. ‘पंचवटी’, ‘गोदावरी’ यांची अडचण दुसरी: त्या नावांची लॉजं, मेडिकलं, डेअऱ्या आधीच आहेत आणि फोनवर शोधणाऱ्याला तुम्ही त्या गर्दीत सापडत नाही. 2027 चा सिंहस्थ डोळ्यांपुढे ठेवून ‘कुंभ’वरून नाव घेणाऱ्यांना मी तर थांबवेनच. मेळा उठला की ते नाव शिळं होतं.

आडनावात विश्वास असतो. बेडेकर, चितळे ही आडनावंच मराठी घरात चवीची हमी झाली. पण त्यामागे पिढ्यांची मेहनत आहे, आणि आडनाव तुमचं एकट्याचं नसतं. त्याच कायद्याचं कलम 35 दुसऱ्याला स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायची मुभा देतं. आमच्या नात्यात पिठाच्या गिरणीच्या वाटण्या झाल्या तेव्हा दोन्ही भावांनी आडनाव पाटीवर ठेवलं. गिऱ्हाइकं वर्षभर विचारत राहिली, “जुनी गिरणी कोणती?” दोघांनाही ते लागायचं. भागीदारीत किंवा भावकीत धंदा असेल तर आडनाव घेण्याआधी हा विचार कराच.

नवा शब्द सुरुवातीला मुका असतो. पाकिटात चिवडा आहे की अगरबत्ती, तो सांगत नाही. पण तो तुमचा होऊ शकतो. आपल्याच नाशिकची वाइन कंपनी ‘सुला’ बघा. राजीव सामंत यांनी आई सुलभा यांच्या नावावरून दोन अक्षरं घेतली. त्यात ना द्राक्ष, ना नाशिक, तरी आज ऐकणाऱ्याला दोन्ही आठवतात. असा शब्द निवडताना एक परीक्षा घ्या: सीबीएसच्या, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या, गोंगाटात उभं राहून फोनवर एकदाच सांगा. समोरच्याने “काय?” विचारलं तर तो शब्द सोडा. ‘ळ’ आणि ‘ण’ असलेले शब्द कानाला गोड लागतात, पण इंग्रजी अक्षरांत त्यांची दोन-तीन रूपं होतात आणि ऑनलाइन शोधणारा चुकतो. दुकान काढणार असाल तर ते देवनागरीतही शोभलं पाहिजे, कारण पाटीवर मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

कागदांबाबत बरेचजण फसतात. शॉप ॲक्ट (दुकानाची नोंदणी), उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) किंवा जीएसटीच्या कागदावर नाव आलं म्हणजे त्यावर हक्क मिळाला असं नाही. त्यासाठी ट्रेडमार्क नोंदवावा लागतो. एका माणसाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला, म्हणजे माल किंवा सेवेच्या एका गटाला, 4,500 रुपये आहे, आणि नोंदणी 10 वर्षं टिकते. पोह्यांचा चिवडा वर्ग 30 मध्ये येतो, पुढे हॉटेल काढलं तर वर्ग 43 वेगळा.

कॉलेज रोडवर एकच गाळा असेल आणि माल तिथेच खपणार असेल तर आडनाव किंवा गावाचं नाव खुशाल घ्या. पाकीट मुंबई-पुण्याच्या दुकानांत ठेवायचं असेल तर मी लेकीच्या वहीतला शब्द घेईन आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘नाशिकचा चिवडा’ लिहीन. खरोखर नाशिकचा असेल तर ते लिहायला कुणी अडवत नाही. मात्र पाकिटं छापायला टाकण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर तो शब्द शोधा. शोध फुकट आहे, आणि सारख्या उच्चाराची नावंही तिथे बघता येतात.