जळालेल्या घरात हँडलचा मेगर: कुठे कामाचा, कुठे बिनकामाचा

मेगर म्हणजे तारेवरचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र. तालुक्याच्या इलेक्ट्रिक दुकानात ५०० व्होल्टचे मेगर दोन जातीचे मिळतात, हँडलचा आणि बॅटरीवरचा डिजिटल. घर जळालं, पंचनाम्यात 'शॉर्ट सर्किट' लिहून झालं, की वायरमन बहुधा हँडलवालाच काढतो. यंत्र दणकट आहे, सेल संपायची भानगड नाही. पण आगीचं कारण शोधायला एकटं ते पुरत नाही.

हँडल मिनिटाला साधारण १६० फेऱ्यांनी फिरवावं लागतं. हात ढिला पडला की पूर्ण व्होल्टेज बनत नाही आणि काटा खोटं बोलतो. एकानं फिरवायचं, दुसऱ्यानं क्लिपा धरायच्या. एकट्या माणसाचं हे काम नाही. आधी क्लिपा सुट्या ठेवून काटा अनंतावर आणि एकमेकींना जोडून शून्यावर येतो का, ते बघा. लाइनमनकडून सर्व्हिस वायर खांबावरून सोडवून घ्या. एलईडी बल्ब, टीव्ही, कूलर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढल्याशिवाय हँडलला हात लावू नका. रीडिंग चुकतं ते वेगळं, वस्तूही बाद होते. मग बटणं चालू ठेवून फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थिंगशी, नंतर फेज-न्यूट्रल आपसात तपासा. १ मेगओमच्या (दहा लाख ओमच्या) खाली आलं की वायरिंगची ती शाखा संशयास्पद.

पण जळालेल्या खोलीत हे रीडिंग घेण्यात अर्थ नाही. पीव्हीसी जळून झालेला कोळसा करंट नेतो, वरून विझवायला मारलेलं पाणी भिंतीत मुरलेलं असतं. तिथे काटा शून्यावर पडणारच. मेगरचा उपयोग न जळालेल्या शाखांवर, तोही भिंती सुकल्यावर. उंदरानं कुरतडलेली किंवा कवेलूच्या छपराखाली खिळ्यानं टोचलेली वायर तो बरोबर पकडतो.

खरा आरोपी मात्र त्याच्या हाती लागत नाही, तो म्हणजे ढिला जॉइंट. समजा जोडात अर्धा ओम रेझिस्टन्स आहे आणि १० अँपियर वाहतोय. अंगठ्याएवढ्या जागेत ५० वॉट उष्णता, तीही तासन् तास. करंट वाढलेलाच नाही, म्हणून १६ अँपियरची एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा खटका) पडत नाही. भाव वाढायची वाट बघत कापूस आढ्यापर्यंत रचलेला असेल, तर पुढचं सांगायला नको. अर्धा ओम मेगरला दिसत नाही. डिजिटलमध्ये कमी ओमची रेंज असेल तर उरलेल्या बोर्डांचे जोड तपासता येतात. त्याच्यासाठी जास्त पैसे मोजावेत. नुसता इन्सुलेशनचा डिजिटल असेल तर हँडलवाला परवडला.

जळालेल्या जागी भिंग आणि ब्रश जास्त बोलतात. बोर्डातले स्क्रू एकेक बघा. एकाच टर्मिनलची पितळ खड्डे पडून झिजलेली, शेजारचे नुसते काळे, आणि फळी त्याच्यामागे समोरच्यापेक्षा खोल जळालेली, असं दिसलं तर सुरुवात तिथे असण्याची शक्यता मोठी. सर्व्हिसचं अॅल्युमिनियम आणि आतलं तांबं हातानं पिळून टेप मारलेली जागा सोडू नका. वितळलेल्या अॅल्युमिनियमवरून मात्र काही ठरवू नका. ते ६६० अंशांना वितळतं, साध्या घराच्या आगीतही. तांब्याला १०८५ लागतात. म्हणून तारेच्या टोकाला गोल मणी आणि लगेच मागे तार जशीच्या तशी, असं दिसलं तर ठिणगी पडली होती एवढं कळतं. पण आगीनं इन्सुलेशन खाल्ल्यावर चालू तारा भिडल्या तरी असाच मणी येतो. नुसता मणी दाखवून कारण लिहू नये.

एमसीबीचा खटका कुठल्या स्थितीत होता, किटकॅटमध्ये (चिनी मातीच्या फ्यूजमध्ये) फ्यूजची तार होती की तांब्याचा जाड तुकडा, याचे फोटो कशालाही हात लावायच्या आधी काढा. आगीत माणूस किंवा जनावर भाजलं, दगावलं असेल तर वीज कायदा २००३ चं कलम १६१ लागू होतं. विद्युत निरीक्षक येईपर्यंत मेगर पेटीतच राहू द्या.