चिरेबंदी घराचे नवे वायरिंग : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

रत्नागिरी शहरातील एका जुन्या आळीत आमचे घर आहे आणि त्याचे संपूर्ण वायरिंग गेल्या मार्चमध्ये बदलून झाले. काम संपले त्याच आठवड्यात शेजारच्या दोघातिघांनी वायरमनचे नाव आणि एकूण खर्च विचारला होता. परंतु कोकणातल्या घरात झालेल्या विजेच्या कामाविषयी एक पावसाळा जाईपर्यंत मत देणे मला योग्य वाटले नाही. आता नऊ महिने झाले आहेत, चार महिन्यांचा पाऊस, गणपतीतली पाहुण्यांची वर्दळ आणि ऑक्टोबरमधला विजांचा कडकडाट असे सगळे त्या वायरिंगने पाहिले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घर सुमारे सत्तर वर्षांचे आहे. जांभ्या चिऱ्याच्या दीड फूट जाडीच्या भिंती, वर मंगलोरी कौले, माजघरावर लाकडी माळा आणि मागे परसात विहीर. वायरिंग एका वेळी झालेले नव्हते. सर्वांत जुन्या भागात लाकडी पट्टीवर ठोकलेली, सुती वेष्टणाची रबरी तार होती, तिचे रबर इतके वाळले होते की बोट लावताच भुगा व्हायचा. त्यानंतर कधीतरी ॲल्युमिनियमची तार आली, आणि फ्रिज, पंप व गीझर घेतला तेव्हा जागोजागी तांब्याचे तुकडे जोडले गेले. मुख्य पाटीवर चिनी मातीचे फ्यूज होते आणि त्यांतील एकात कोणीतरी फ्यूजच्या तारेऐवजी साध्या वायरचे चार पदर पिळून घातले होते. ते किती वर्षे तसे होते, हे घरात कोणालाच सांगता आले नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एक चूक केली होती. एका वायरमनला बोलावून सगळे जुने काळे गोल स्विच काढून घेतले आणि पांढरे मॉड्युलर बोर्ड बसवून घेतले. घर नवे दिसू लागले आणि वायरिंग झाले असे आम्हीही मानले. भिंतीतली आणि पट्टीवरची तार मात्र जुनीच राहिली होती. दीड वर्षातच न्हाणीघराबाहेरचा गीझरचा सॉकेट वितळला. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतो, आणि आमचा तो सोळा अँपिअरचा देखणा सॉकेट दिव्याच्या बोर्डावरून ओढलेल्या ॲल्युमिनियमच्या एकेरी तारेवर चालला होता. मधल्या जोडात तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांभोवती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. खाऱ्या, दमट हवेत तांब्याला लागलेले ॲल्युमिनियम गंजत जाते, जोडाचा रोध वाढत जातो आणि तो जोड आतल्या आत तापत राहतो. त्या दिवशी आई शेजारच्याच खोलीत होती आणि तिला जळका वास आला, म्हणून मेन वेळेवर बंद झाला.

या वेळी तिघांना घर दाखवले. पहिल्यांनी ओटीवरूनच पॉईंट किती ते विचारले आणि पॉईंटमागे भाव सांगितला. दुसऱ्यांनी घरभर फिरून पॉईंट मोजले आणि आठ दिवसांत सगळे वायरिंग भिंतीच्या आत घालून देण्याचे कबूल केले. तिसरे गृहस्थ पन्नाशीचे होते. त्यांनी आल्या आल्या आईला म्हटले, "काकू, आधी मेन कुठे आहे तो दाखवा." मग त्यांनी विजेचे बिल मागून मंजूर भार पाहिला, दोन बोर्ड उघडले, माळ्यावर चढून तारा हाताळल्या आणि मेन बंद करून ५०० व्होल्टच्या मेगरने तारांचे इन्सुलेशन, म्हणजे वेष्टणाचा रोध, मोजले. ते निदान एक मेगाओहम तरी असावे लागते, आमचे जेमतेम पाव भरले. त्यांनी तो आकडा वहीत लिहून आम्हाला दाखवला. भावाचा विषय त्यानंतर निघाला.

परवाना मी तिघांकडेही मागितला होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षाविषयक नियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच अशा वस्तू बदलण्यापलीकडचे वायरिंगचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदारानेच करायचे असते आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना असावा लागतो. पहिल्या दोघांपैकी एकाने मित्राच्या परवान्यावर काम होईल असे सांगितले, दुसऱ्यांनी विषय बदलला. तिसऱ्यांनी स्वतःचा कंत्राटदाराचा परवाना आणि त्यांच्या मुलाचा तारतंत्रीचा परवाना पिशवीतून काढून समोर ठेवला. त्यांचा भाव पहिल्यांपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश जास्त होता, तरी काम त्यांनाच दिले आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पुढे मंजूर भार वाढवून घेण्याच्या अर्जाला चाचणी अहवाल जोडावा लागला, तेव्हा त्यांची सही असल्यामुळे एकही फेरी फुकट गेली नाही.

एकूण ५८ पॉईंट झाले. सामान ७८ हजारांचे, मजुरी ४६ हजार, आणि भिंतींची डागडुजी व रंग यांचे साधारण १५ हजार वेगळे. सामान आम्ही त्यांच्याबरोबर दुकानात जाऊन घेतले. आयएस ६९४ हे तारेचे भारतीय मानक आणि आयएसआय चिन्ह छापलेली तांब्याची तार, दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, सॉकेटना अडीच आणि गीझर व एसीला चार. जुन्या लोकांच्या तोंडी अजून तारेच्या जुन्या मापांचे तीन-बावीस आणि तीन-वीस हेच शब्द आहेत आणि दुकानदारही तेच बोलतो, म्हणून यादी चौरस मिलिमीटरमध्ये लिहून नेलेली बरी. तीन-बावीस म्हणजे सव्वा चौरस मिलिमीटरलाही थोडी कमीच तार असते, आणि दीडच्या जागी ती खपून जाऊ शकते.

भिंतीत चर पाडून तार लपवायची की वरून पट्टीत न्यायची, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. मुंबईहून आलेल्या भावाला भिंती स्वच्छ हव्या होत्या. कंत्राटदारांचे म्हणणे असे होते की जांभा सच्छिद्र दगड आहे, पावसाच्या तोंडाची भिंत श्रावणापर्यंत आतून ओली असते आणि तिच्यात पुरलेल्या पाईपमध्ये पाणी उतरून बोर्डापर्यंत येते. शेवटी नैर्ऋत्येकडच्या दोन भिंतींवर आणि न्हाणीघराच्या बाजूला पीव्हीसी पट्टीतून वरून वायरिंग केले आणि आतल्या मधल्या भिंतींत चर पाडले. ऑगस्टमध्ये त्या नैर्ऋत्येच्या भिंतीवर हात ठेवला तर तळवा ओला होत होता, पट्टीच्या आतली तार मात्र कोरडी होती. भावानेही ते पाहिले. चर पाडताना चिरा ढासळतो आणि लाल धूळ कपाटातल्या कपड्यांपर्यंत जाते, तेव्हा या कामासाठी घर पंधरा दिवस रिकामे ठेवता आले तर ठेवावे.

मला सर्वांत अधिक सांगायचे आहे ते अर्थिंगबद्दल, कारण आमच्या घराला अर्थिंग आहे असे आम्ही चाळीस वर्षे समजत होतो. जुन्या वायरमनने अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाईपला बांधली होती. मधल्या काळात पाईप बदलून प्लास्टिकचा आला, आणि तार त्या प्लास्टिकवर तशीच गुंडाळून ठेवली गेली. तीन पिनांचे सॉकेट सगळीकडे होते आणि तिसऱ्या पिनेच्या पलीकडे काहीच नव्हते. नव्या अर्थिंगसाठी परसात खड्डा घेतला तर तीन फुटांवर कातळ लागला, दुसऱ्या जागीही तेच झाले. शेवटी न्हाणीचे पाणी ज्या केळींना आणि अळवाला जाते, त्या बाजूला माती खोल मिळाली आणि तिथे अडीच मीटरचा जस्त चढवलेला पाईप उभा पुरला. ती जागा मे महिन्यातही ओलसर राहते, म्हणून ती अधिक चांगली, असे कंत्राटदारांनी सांगितले.

अर्थिंगचा रोध जितका कमी तितका चांगला. तरीही मार्चमध्ये तो ११ ओहम भरला, मेअखेरीस तो १९ झाला आणि जुलैत ६ वर आला. जांभ्याच्या जमिनीत एका पाईपने याहून फारसे चांगले मिळणे कठीण असते. या १९ ओहमचा अर्थ त्यांनी आम्हाला कागदावर मांडून दाखवला आणि तो प्रत्येक घरमालकाने समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. समजा गीझरच्या धातूच्या भांड्याला फेज, म्हणजे जिवंत तार, लागला, तर २३० व्होल्टला १९ ने भागल्यावर बारा अँपिअर येतात, म्हणजे अर्थिंगमधून साधारण तेवढाच प्रवाह जाईल. एमसीबी म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप खाली पडून वीज तोडणारा स्विच, आणि सोळा अँपिअरची एमसीबी बारा अँपिअरला पडत नाही. गीझर, त्याचा नळ आणि त्यातून येणारे पाणी वीज वाहत राहील आणि पाटीवर सगळे ठीक दिसेल. म्हणून आपल्या भागात निव्वळ एमसीबीवर विसंबून चालत नाही, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागतेच. ती जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहातला फरक पाहते आणि फरक आढळताच वीज तोडते. माणसाला एमसीबी वाचवत नाही, आरसीसीबी वाचवते. एमसीबी तारेला वाचवते. आरसीसीबीला जास्त भार कळत नाही, त्यामुळे दोन्ही हव्यात.

आता आमच्या दुसऱ्या चुकीविषयी. कंत्राटदारांनी दोन आरसीसीबी सुचवल्या होत्या, एक घरासाठी आणि एक पंप, विहीर, न्हाणीघर व बाहेरच्या दिव्यांसाठी. दोन-अडीच हजार वाचवण्यासाठी आम्ही एकच घेतली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री दीड वाजता संपूर्ण घर अंधारात गेले. आरसीसीबी वर केली की पुन्हा पडायची. सगळ्या एमसीबी खाली करून पाहिले, तरी ती थोड्या वेळाने पडतच होती, आणि तेव्हा मला वाटले की आरसीसीबीच खराब आली आहे. आई त्या रात्री पंख्याविना जागी होती.

सकाळी भर पावसात पितापुत्र आले. त्यांनी आरसीसीबीला दोष दिला नाही. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, जोडलेलाच राहतो, आणि न्यूट्रल कुठेतरी ओल्या जमिनीला लागला असेल तरीही आरसीसीबी पडते, असे सांगून त्यांनी न्यूट्रलच्या तारा मुख्य पाटीतल्या धातूच्या पट्टीवरून एकेक करून सोडवल्या. सातवी तार सोडवल्यावर आरसीसीबी टिकली. ती विहिरीवरच्या दिव्याची होती. त्या दिव्याचा जोड ज्या डबीत होता तिच्यावर कौलांच्या पागोळीची धार पडत होती आणि डबी पाण्याने अर्धी भरली होती. हा दोष त्यांच्याच कामातला होता आणि त्यांनी तो तिथेच कबूल केला. डबी छपराखाली घेतली, तार खालून वर वळवून आत नेली आणि मजुरी घेतली नाही. दुसरी आरसीसीबी त्याच दिवशी बसवून घेतली. त्यानंतर सप्टेंबरात बाहेरची आरसीसीबी एकदा पडली, घरातले दिवे मात्र चालू राहिले. त्या वेळी कारण मुंग्या होत्या, पंपाच्या बोर्डात त्यांनी घर केले होते.

बाकीचे थोडक्यात. गणपतीत दोन शेगड्या, गीझर आणि ओटीवरची रोषणाई एकाच वेळी चालली आणि एकही तार गरम झाली नाही. ऑक्टोबरात शेजारी वीज पडून त्यांचा टीव्ही आणि राउटर गेला, आमच्या पाटीत अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर आहे आणि आमचे सामान शाबूत राहिले. यात प्रोटेक्टरचा वाटा किती आणि नशिबाचा किती हे मी ठरवू शकत नाही, पण त्याच्या खिडकीतली हिरवी खूण मी दर आठवड्याला पाहते. चिपळूणच्या आत्याने २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर घराची पाटी आणि खालचे सॉकेट पाण्याच्या खुणेच्या वर घेतले. सखल भागात ज्यांचे घर आहे त्यांनी वायरिंग बदलताना हे आधीच ठरवावे, नंतर तेच काम दुप्पट पडते.

तक्रारी दोन आहेत. कोणती तार कुठून गेली आहे याचा नकाशा काम संपताच देण्याचे ठरले होते, तो आमच्या हाती ऑगस्टमध्ये आला आणि तोपर्यंत खिळा ठोकायची भीती वाटत होती. दुसरे, माळ्यावरच्या एका डबीला झाकण बसवायचे राहून गेले होते आणि तिथे उंदरांनी एक तार कुरतडली. झाकण आता बसले आहे, तारेचा तो तुकडा बदलला आहे.

सहा महिन्यांनी सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या, असे त्यांनी सांगितले होते. आम्ही ते सप्टेंबरअखेरीस करून घेतले. मांडवीकडून येणारा वारा आमच्या ओटीवर सरळ लागतो आणि ओटीवरच्या बोर्डातल्या पितळेवर इतक्यातच हिरवा कळंक दिसला. घरातल्या बोर्डांत तो नव्हता. ओटीवरचा बोर्ड आता झाकणाच्या पेटीत घेतला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीचे चाचणीचे बटण मी स्वतः दाबते. येत्या मेमध्ये, आगोटीच्या आधी, अर्थिंगचा रोध पुन्हा मोजायचा आहे आणि तो २० ओहमच्या वर गेला असेल तर केळींच्या पलीकडे दुसरा पाईप पुरायचा, हे कंत्राटदारांशी आताच ठरवून ठेवले आहे.