‘आठ चॅनेल’ची पेटी आणि आतलं एकच कार्ड: मंडळांनो, पैसे देण्याआधी हे तपासा

बेळगावात गणपतीचे देखावे बघायला मराठी माणूस येतो तसा कन्नड माणूसही येतो. म्हणून शहापुरातल्या आमच्या मंडळानं देखाव्याच्या एका बाजूला मराठी निवेदन, दुसऱ्या बाजूला कन्नड, मधे नगारा आणि मागं पाण्याचा आवाज ठेवायचं ठरवलं. चारही आवाज एकाच वेळी, वेगवेगळ्या स्पीकरवर. एका रास्पबेरी पायवर, म्हणजे तळहाताएवढ्या छोट्या संगणकावर, हे नक्की जमतं. एका साउंडवाल्यानं तयार पेटी देतो म्हटलं. “आठ चॅनेलचं कार्ड हाय अण्णा, चार आवाज म्हणजे त्याला काहीच न्हाई.” चौदा हजार रुपये ठरले आणि त्यानं ते सगळे आधीच घेतले. दुकानात चारही स्पीकर दणक्यात वाजवून दाखवले, पण चारहींवर एकच गाणं! डाव तोच होता.

मांडवात मराठी निवेदन लावलं, ते चारही स्पीकरांतून आलं. त्यावर कन्नड लावलं, तेही चारहींतून. नुसता गलबला. वर्गणीचे पैसे हो हे, गल्लीतल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा दिलेले!

झाकण उघडलं. आत रास्पबेरी पाय ४ आणि बोटाएवढं एकच यूएसबी साउंड कार्ड, म्हणजे आवाज बाहेर काढणारा जोड. त्यावर ‘७.१’, म्हणजे आठ चॅनेल, असं छापलेलं. हेडफोनच्या भोकात स्प्लिटर, त्याच्या दोन्ही तोंडांत पुन्हा स्प्लिटर, आणि हे सगळं दिसू नये म्हणून वर ग्लू-गनचा थर.

हेडफोनच्या साध्या पिनेवर डावा, उजवा आणि ग्राउंड एवढंच असतं. म्हणजे एका भोकातून फार तर दोन वेगळे आवाज निघतात. या स्वस्त कार्डांवरचं ‘७.१’ म्हणजे संगणकातल्या सॉफ्टवेअरनं केलेला आभास. खऱ्या ७.१ कार्डाला आवाज बाहेर काढायची तीन-चार भोकं असतात. स्प्लिटर तर आहे तोच आवाज वाटून देतो.

पेटी घेताना चार वेगळ्या फाइली एकदम लावायला सांगा. जोडलेली साउंड कार्डं दाखवणारी ‘एप्ले -एल’ (aplay -l) ही कमांड चालवून किती यूएसबी कार्डं दिसतात ते मोजा. मग वीज बंद करून पुन्हा चालू करायला लावा, हे तर विसरूच नका. एकसारख्या स्वस्त कार्डांना बहुधा वेगळा सिरियल नंबर नसतो. त्यामुळे सुरू होताना त्यांचे क्रमांक अदलाबदल होऊ शकतात आणि कन्नड निवेदन मराठीच्या बाजूला जाऊ शकतं. प्रत्येक कार्ड त्याच्या यूएसबी पोर्टशी यूडेव्ह (udev) नियमानं, म्हणजे कुठल्या पोर्टवरच्या कार्डाला कुठलं नाव द्यायचं हे संगणकाला सांगणाऱ्या नियमानं, बांधलं आहे का, हे विचारा. आणि रास्पबेरी पाय ५ असेल तर त्यावर हेडफोनचं भोक मुळातच नाही. “त्यातनं एक आवाज काढतो” म्हणणारा थाप मारतोय.

दोन भाषांपुरतंच काम असेल तर एक स्टिरिओ कार्डही पुरतं. डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड.

साउंडवाला आता फोन उचलत नाही. पावती साध्या कागदावर आहे, पण ‘चार स्वतंत्र आवाज’ असं त्यानं स्वतः लिहून दिलंय. पेटीचे फोटो, चाचणीचा व्हिडिओ आणि ती पावती जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आम्ही तक्रार नोंदवली आहे. खानापूर, निपाणीकडच्या कुणाला अशीच पेटी मिळाली असेल तर त्यांनीही नोंदवावी.