एनएसआरएलचा संदर्भसंच: सोलापुरातील वापरानंतरचा अभिप्राय

सोलापुरातील एका चादर कारखान्याच्या मालकांनी हिशेब विभागातील संगणकाची हार्ड डिस्क माझ्याकडे तपासणीस दिली, तेव्हा दरपत्रकाच्या फायलींमध्ये कोणी फेरफार केला आहे का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. डिस्कवरील फायली मात्र लाखांच्या घरात होत्या आणि त्यांतील बहुतांश विंडोज, ऑफिस आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरच्या होत्या. हा ढीग बाजूला सारण्यासाठी मी अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ या मानक संस्थेच्या नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररीचा, म्हणजेच एनएसआरएलचा, संदर्भसंच वापरतो. तो विनामूल्य आहे आणि दर तीन महिन्यांनी अद्ययावत होतो.

या संचात मूळ फायली नसतात, त्यांची हॅश मूल्ये (फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली, तिची बोटाच्या ठशासारखी ओळख पटवणारी अंक-अक्षरांची ओळ) आणि त्या कोणत्या सॉफ्टवेअरमधून आल्या याची नोंद असते. हॅश फाइलच्या आशयावरून काढला जातो. त्यामुळे नाव बदलले तरी तो तसाच राहतो, आणि आशयातील एक बिट जरी बदलला तरी पूर्णपणे वेगळा येतो. विंडोजच्या एखाद्या फाइलचे नाव धारण करून बसलेली परकी फाइल म्हणूनच या चाळणीतून सुटत नाही. मला या संचाची सर्वांत मोलाची बाजू वाटते ती त्याच्या नोंदींची विश्वासार्हता: संस्था प्रत्यक्ष सॉफ्टवेअर मिळवून त्यातील फायलींचे हॅश स्वतः काढते आणि मूळ प्रतीही जपून ठेवते. इंटरनेटवर फिरणाऱ्या निनावी याद्यांना हा आधार नसतो.

ऑटोप्सी या मोफत तपासणी सॉफ्टवेअरला संच जोडल्यावर ओळखीच्या फायली वेगळ्या झाल्या आणि उरलेल्या फायली मला एकेक करून पाहता आल्या. मात्र ‘ओळखीची’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे, हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगतो, कारण या संचात हॅकिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांच्याही नोंदी आहेत. तसेच यादीत न सापडलेली फाइल संशयित ठरत नाही. त्या कारखान्याचे बिलिंग सॉफ्टवेअर इथल्याच एका प्रोग्रामरने लिहिलेले होते आणि ते अमेरिकेतील संग्रहात असण्याची अपेक्षा ठेवणेच चुकीचे आहे. मी ते मूळ सीडीवरून कोऱ्या संगणकावर बसवले, त्याच्या फायलींचे हॅश काढले आणि माझा स्वतंत्र स्थानिक संच तयार केला. सोलापूरसारख्या शहरात काम करणाऱ्याला हे कष्ट टाळता येत नाहीत.

हॅशच्या प्रकाराकडेही लक्ष द्यावे. वेगवेगळ्या आशयाच्या दोन फायलींना एकच मूल्य येऊ शकते, हे हॅश काढण्याच्या एमडी5 या पद्धतीबाबत 2004 मध्ये आणि एसएचए-1 या पद्धतीबाबत 2017 मध्ये सिद्ध झाले. संचाच्या तिसऱ्या आवृत्तीत एसएचए-256 ही असल्याने मी तोच ग्राह्य धरतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम 63 नुसार संगणकीय पुराव्यासोबत न्यायालयात द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढले हे लिहावे लागते. वकील मंडळींचा पहिला प्रश्न आता बहुधा त्यावरच असतो.

तिसरी आवृत्ती एसक्यूलाइट डेटाबेसच्या (एकाच फाइलमध्ये साठवलेल्या माहितीसाठ्याच्या) रूपात येते आणि संपूर्ण संच आकाराने फार मोठा आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधुनिक संगणकांसाठीचा ‘मिनिमल’ संच उतरवावा. त्यात प्रत्येक हॅशची पुनरावृत्ती गाळलेली असते आणि ओळखीच्या फायली वगळण्यासाठी तेवढे पुरते.