आमच्या नगर परिषदेचा अग्निशमन विभाग: माणसांना पाच तारे, बाकीच्याला दोन

धंदा मंडप-डेकोरेशनचा. म्हणजे गोडाउनमध्ये बांबू, पडदे, गाद्या, थर्माकोल, सगळं पेटायला टपलेलं. दिवाळीनंतर एका रात्री मागच्या बाजूने आग लागली. अर्धा माल वाचला तो या विभागाच्या माणसांमुळे. जो गेला, त्यातला बराचसा नगर परिषदेच्या अंदाजपत्रकामुळे गेला, हे माझं स्पष्ट मत.

मोबाइलवरून १०१ लावला तर फोन जिल्ह्याला लागला. तिथल्या माणसाने आपल्या गावच्या केंद्राचा लँडलाइन नंबर दिला. केंद्रात मात्र पहिल्या रिंगला उचलला. पत्ता घेतला, "आत गॅसच्या टाक्या आहेत का?" एवढंच विचारलं आणि बंब निघाला. इथपर्यंत पैकीच्या पैकी.

बंबातून उतरले तिघं. त्यातला एक चालक. पंपही त्यानेच चालवायचा, म्हणजे तो गाडीपासून हलू शकत नाही. राहिले दोघं. पाण्याने भरलेला होज किती जड आणि ताठ होतो ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. कोपऱ्यावरून वळवताना दोघांचे पाय घसरत होते. शेवटी आमची मंडप बांधणारी पोरं धावली. त्यांचा साहेब ओरडला, "काका, पोरांना पाइप उचलू द्या, पण नोझलला कुणी हात लावायचा नाही!" बरोबरच होतं त्याचं. पण पाइप उचलायला तरी गिऱ्हाइकाची माणसं का लागावीत?

होजला जागोजागी ट्यूबच्या पट्ट्या आवळलेल्या आणि त्यातून बारीक कारंजी उडत होती. पोटमाळ्यावर धूर कोंडला होता. बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायला लागणारा मुखवटा आणि हवेचा सिलिंडर, गाडीत होता, पण सिलिंडर रिकामा. तो भरायला जिल्ह्याला पाठवावा लागतो आणि आधीचं बिल अडकलेलं. बंबावरचा पोरगा तोंडाला ओला रुमाल बांधून वर गेला. मी नको नको म्हणत होतो.

खरा घोळ पाण्याचा झाला. टाकी साडेचार हजार लिटरची. ऐकायला भरपूर वाटतं, पण दोन लायनी पूर्ण दाबाने सोडल्या की दहा मिनिटंही पुरत नाही. मग बंब भरायला जलकुंभावर. पूर्वी अशा वेळी दुसरा बंब येऊन उभा राहायचा. तो १५ वर्षांच्या वर गेला, आणि १ एप्रिल २०२३ पासून एवढ्या जुन्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरणच बंद. नियम चांगलाच आहे, खटारा गाडी कुणाला हवी? पण जुनी काढली तर नवी घ्यायला नको? नव्या बंबापुढे दर अंदाजपत्रकात नुसती टोकन, म्हणजे नावापुरती तरतूद. जुना केंद्रामागे उभा आहे, त्याच्यावर ओले होज वाळत घालतात. आपला बंब भरून येईपर्यंत आम्ही बादल्या मारत बसलो आणि तेवढ्यात पडद्यांचा सगळा कप्पा गेला. नायलॉनचं कापड, वितळून खाली टपटप पडत होतं आणि पडेल तिथे पेटत होतं. पुढे साखर कारखान्याचा बंब आला, एक खाजगी टँकर आला, तेव्हा आवाक्यात आलं.

आग विझली म्हणून ही माणसं निघून गेली नाहीत, हे मुद्दाम लिहितो. गादीतला कापूस वरून विझलेला दिसतो, आत धुमसत राहतो. त्यांनी एकेक गादी फाडून, उपसून भिजवली. उजाडेपर्यंत. चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. नंतर कळलं, दोघंही एजन्सीमार्फत कंत्राटी, पगार थकलेला, पायातले बूट स्वतःच्या खर्चाचे.

पैसे नाहीत म्हणतात. माझ्या घरपट्टीच्या बिलात अग्निशमन कराची ओळ आहे, दरवर्षी भरतो. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत आहे, म्हणजे हे काही उपकाराचं खातं नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना काढली, ती आमच्या केंद्राच्या फाटकातून आत आलेली दिसत नाही. गावाच्या वेशीवर स्वागत कमान मात्र झाली. मंडपवाला म्हणून सांगतो, कमान आम्ही भाड्यानेही दिली असती.

आणि कडकपणा सगळा आमच्यासाठी. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली, तेव्हापासून फायर ऑडिटच्या नोटिसा सुरू. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला फॉर्म बी द्या, यंत्रणा चालू असल्याचं लिहून द्या. देतो. नगर परिषदेनेही एकदा आपल्या रिकाम्या सिलिंडरचा आणि ठिगळ लावलेल्या होजचा फॉर्म बी भरून दाखवावा.

विम्यासाठी आगीचा दाखला लागतो. केंद्राने अहवाल दुसऱ्याच दिवशी लिहून दिला, किती वाजता वर्दी आली, किती वाजता पोहोचले, काय जळलं, सगळं नीट. सहीसाठी तो मुख्य कार्यालयात अडकला, त्याला या विभागाचा इलाज नाही.

व्यापारी मित्रांनो, केंद्राचा लँडलाइन आणि साखर कारखान्याच्या गेटचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, पण गोडाउनच्या बाहेरच्या भिंतीवर. आणि दाखल्याला जाताना घरपट्टीची चालू वर्षाची पावती खिशात असू द्या, तिच्यावाचून खिडकीवरचा कारकून अर्ज हातात घेत नाही.