शुक्रवारचा चेक कुठे न्यायचा?

आमच्या ऑफिसखालच्या टाकेरियातल्या, म्हणजे मेक्सिकन खाणावळीतल्या, आचाऱ्याने परवा विचारलं, "खातं उघडू का? आणि कुठे?" मेक्सिकोहून अमेरिकेत येऊन त्याला वर्ष झालंय. दर शुक्रवारी तो पगाराचा चेक घेऊन कोपऱ्यावरच्या वटणावळीच्या दुकानात जातो. जाड काच, खालच्या फटीतून चेक आत, नोटा बाहेर. पाच मिनिटांचं काम. काचेमागची बाई स्पॅनिश बोलते, आणि आईला पैसेही तिथूनच पाठवता येतात. मग बँकेची पायरी चढायची कशाला?

हिशेब मांडला. ६०० डॉलरच्या चेकवर समजा २ टक्के कापले, तर १२ डॉलर गेले. वर्षाचे ६२४. म्हणजे वर्षातला एक अख्खा आठवडा तो त्या काचेसाठीच राबतो. शिवाय खिशात रोकड घेऊन रात्री घरी जायचं. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरममध्ये अशा लॅटिनो कामगारांना हेरून लुटायचे प्रकार इतके झाले की २००० साली तिथे लॅटिनो कम्युनिटी क्रेडिट युनियन ही पतसंस्थेसारखी संस्था उभी राहिली. अडीअडचणीला दुकान ठीक आहे, दर आठवड्याला नको.

त्याची खरी अडचण वेगळीच होती. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन सरकारचा ओळख क्रमांक) नाही, म्हणजे खातं मिळणारच नाही, हे त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. तसं नाही. परदेशी पासपोर्ट किंवा परदेशी सरकारचं फोटोचं ओळखपत्र घेऊन खातं उघडायला बँकांना कायद्याने मुभा आहे. मेक्सिकन कॉन्सुलेट देतं ती 'मात्रिकुला कॉन्सुलार' वेल्स फार्गोने २००१ सालीच स्वीकारायला सुरुवात केली होती. मुभा आहे, सक्ती नाही. त्यामुळे आधी फोन करून विचारलेलं बरं. आयटीआयएन, म्हणजे करखात्याचा ९ ने सुरू होणारा नऊ आकडी क्रमांक, जवळ असेल तर काम आणखी सोपं.

आता मोठी बँक की क्रेडिट युनियन? सहकारी बँकांचे चटके बसलेल्या मराठी माणसाला आधी सुरक्षितता आठवते. त्या बाबतीत दोन्ही सारख्याच: बँकेत एफडीआयसी, क्रेडिट युनियनमध्ये एनसीयूए या सरकारी संस्थेचा ठेवींवर २,५०,००० डॉलरपर्यंतचा विमा. दारावर पाटी तेवढी बघून घ्यायची. मोठ्या बँकेची एटीएम गावोगाव असतात, ॲपही चांगलं असतं. पण शिल्लक कमी पडली की मासिक शुल्क लागतं, आणि ओव्हरड्राफ्टचा, म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त खर्च केल्याचा, दंड तर नवख्याला हमखास बसतो. बँकेतच जायचं तर 'बँक ऑन' प्रमाणित खातं मागावं: उघडायला २५ डॉलरपेक्षा जास्त लागत नाहीत आणि ओव्हरड्राफ्टचा दंड नसतो.

क्रेडिट युनियन म्हणजे आपल्या पतसंस्थेची बहीणच. खातेदार हाच मालक. शाखा मोजक्या असतात, पण फेडरल क्रेडिट युनियनच्या कर्जाला साधारण १८ टक्क्यांची व्याजमर्यादा आहे, आणि काही ठिकाणी आयटीआयएनवर घरकर्जसुद्धा मिळतं. इथेच राहायचं ठरवलेल्याला मी तीच सुचवेन. कामामागे राज्याराज्यांत फिरणाऱ्याला मात्र मोठी बँक सोयीची.

गावी पैसे पाठवणं हा याहून मोठा मुद्दा. १ जानेवारी २०२६ पासून रोख किंवा मनीऑर्डर देऊन परदेशी पैसे पाठवले की १ टक्का कर लागतो. अमेरिकन बँक खात्यातून किंवा अमेरिकेत मिळालेल्या डेबिट कार्डाने पाठवले तर नाही. आईचं खातं नसलं तरी बिघडत नाही. तिने तिकडे रोख घेतली तरी चालते, कर ठरतो तो इकडे पैसे कसे भरले यावर. 'शुल्क शून्य' या पाटीला मात्र भुलू नये, कापाकापी विनिमय दरात होते. एकच विचारायचं: आईच्या हातात किती पेसो पडणार? तो आकडा पैसे भरण्याआधी दाखवणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि भरल्यावर साधारणपणे अर्ध्या तासात व्यवहार रद्दही करता येतो.

त्याची एक 'तांदा'ही आहे, म्हणजे हुबेहूब आपली भिशी. ती मोडू नको म्हटलं. फक्त तिचे हप्ते क्रेडिट इतिहासात, म्हणजे कर्ज देणारे बघतात त्या परतफेडीच्या नोंदीत, दिसत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन ॲसेट फंडसारख्या संस्था मात्र अशाच मंडळाची रीतसर नोंद हा इतिहास ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोकडे पाठवतात.

सोमवारी त्याची सुट्टी असते. पासपोर्ट, मात्रिकुला आणि पत्त्यासाठी विजेचं बिल घेऊन तो क्रेडिट युनियनमध्ये जाणार आहे. बिल रूममेटच्या नावावर आहे, ते आधी निस्तरायला हवं.