टू-के इपॉक्सी प्रायमर: कोकणातला एक पावसाळा काढल्यावर

डिकीवर फोड आले, म्हणून लिहायला बसलो. गाडी जुनी मारुती ८००, मुक्काम रत्नागिरी, खारा वारा बारमाही आणि गाडी रात्री उघड्यावर. डिकी गेल्या वर्षी एका गॅरेजातून एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या साध्या अस्तरावर, रंगवून घेतली होती. पुढचे दोन्ही दरवाजे आणि फेंडर मी उन्हाळ्यात सुटे करून घरी घासले आणि टू-के इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा दोन डब्यांचा प्रायमर, मारला. दोघांवर पाऊस तोच पडला. दरवाजे आजही गुळगुळीत आहेत, डिकीच्या कडेला मात्र मोहरीएवढे फोड.

एक फोड ब्लेडने उचकटला. प्रायमर भुसभुशीत झाला होता आणि खाली पत्र्यावर गंजाचा ठिपका. एनसी प्रायमर फक्त थिनर उडून वाळतो, त्यात छिद्रं राहतात आणि ओलावा आत झिरपतो. लांबीचंही (खड्डे भरायची पुट्टी) तेच, तिच्यातली टाल्क पावडर पाणी धरून ठेवते. इपॉक्सी हार्डनरशी जुळून घट्ट होतो, पाण्याला सहज वाट देत नाही. म्हणून मी इपॉक्सी थेट पत्र्यावर मारला आणि लांबी त्याच्यावर भरली. आमच्याकडचे बहुतेक पेंटर आधी लांबी लावतात. या हवेत मला ते पटत नाही.

खरं तर मे महिन्यात विचारलं असतं तर मी हा प्रायमर घेऊ नका असंच सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी घासायला घेतला तर ३२० नंबरचा सँडपेपर लगेच चिकटून भरायचा. पेपर झटकून झटकून वैताग आला, आणि पेपर काही फुकट येत नाहीत. मग डब्यावरची माहिती नीट वाचली. ठरावीक मुदतीच्या आत वर सरफेसर (रंगाआधी घासून सपाट करायचा थर) मारला तर इपॉक्सी घासावाच लागत नाही. दुसरा दरवाजा तसा केला आणि माझं मत तिथेच बदललं. घासकाम सगळं सरफेसरवर. त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा द्यायचा आणि ४०० च्या पेपरने, ठोकळ्यावर धरून, काळं जाईपर्यंत घासायचं. जिथे काळं उरतं तिथे खोलगट आहे, बोटांना ते कळत नाही. शेवटचा हात ६०० च्या वॉटर पेपरचा.

सरफेसर मात्र घरी मारला नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही. सुटे भाग रिक्षात घालून रंगकामाचं बूथ (बंदिस्त खोली) असलेल्या गॅरेजात नेले. ते पैसे मी आनंदाने दिले.

आता तक्रार, आणि माझ्या लेखी ती फार मोठी आहे: इपॉक्सीच्या हार्डनरच्या डब्याचं झाकण. एकदा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं की ते परत नीट बसतच नाही. मी वर प्लॅस्टिक ताणून बांधलं, टेप गुंडाळली, तरी पावसाळ्याअखेर उघडला तर हार्डनर मधासारखा घट्ट. प्रायमर अर्धा डबा चांगला शिल्लक आहे आणि हार्डनरशिवाय तो मातीमोल. दुकानदार म्हणतो, हार्डनर सुटा मिळत नाही, सेटच घ्या. घरी काम करणारा माणूस एकेक दरवाजा करतो, एका बैठकीत अख्खी गाडी नाही, हे कंपनीला कळू नये? साधं आट्याचं झाकण दिलं असतं तर माझा अर्धा सेट वाचला असता. प्रायमरला पाचपैकी पाच, डब्याला शून्य. तुम्ही घेतलात तर हार्डनर पहिल्याच दिवशी कोरड्या, घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत ओता आणि वर नाव लिहून मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. घासण्याआधी मेण आणि पॉलिश पुसून काढा, नाहीतर सिलिकॉन ओरखड्यांत बसतं आणि रंगाला डोळे, म्हणजे बारीक गोल खळगे, पडतात. आणि उघडा पत्रा कोरडाच घासा. ओल्या पेपरने घासलेल्या पत्र्यावर इथे काही तासांत लाल झाक येते. ८० च्या पेपरने गंज काढला, मग १८० मारला, पुसला की त्याच दिवशी इपॉक्सी.

डिकी पत्र्यापर्यंत उतरवून याच प्रायमरने करणार आहे, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की. कुठे लहान सेट मिळत असेल तर दुकान जरूर कळवा.